मुलीच्या पहिल्या ऑडिशन-फोटोंची तयारी : काय करावं आणि काय अजिबात करू नये

नाशिकच्या एका आईने विचारलं आहे : मुलगी सात वर्षांची आहे, शाळेच्या आणि गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या नाटकांत मनापासून काम करते. मुंबईत कास्टिंग करणाऱ्या एका बाईंनी तिचे प्रोफाइलसाठी फोटो मागितले आहेत. पुढच्या रविवारी अंधेरीच्या एका स्टुडिओत फोटोशूट ठरलं आहे. मुलगी अनोळखी माणसांसमोर बुजते, वरचे दोन दात नुकतेच पडले आहेत. फोटोग्राफर म्हणतो पाच-सहा ड्रेस आणा, मेकअपचे पैसे वेगळे. घरात कुणी म्हणतं तिला आरशासमोर पोज शिकव, कुणी म्हणतं आधी पार्लरला घेऊन जा. नक्की काय तयारी करू?

ताई, मी ठाण्यात राहते आणि बरीच वर्षं मुलांचे ऑडिशनसाठी लागणारे फोटो काढते. त्याआधी काही काळ जाहिरातींच्या कास्टिंगमध्ये सहायक होते, त्यामुळे हे फोटो पुढे कुणाकडे जातात आणि ते कसे पाहिले जातात, हे जवळून माहीत आहे. तेच आधी सांगते. ते कळलं की बाकीची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील.

कास्टिंगवाल्यांकडे मागणी येते ती अशी : ‘मुलगी, ६ ते ८ वर्षं, मध्यमवर्गीय घरातली, बोलकी.’ मग त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंचा पाऊस पडतो. ते फोटो मोबाइलवरच पाहिले जातात, सुरुवातीला तर अंगठ्याच्या नखाएवढे. बोट भराभर वर सरकत असतं. एखाद्या चेहऱ्यावर ते थांबतं, तो फोटो मोठा केला जातो, आणि आवडला तर त्या मुलाला बोलावणं जातं. मूल दारातून आत आलं की पहिली नजर त्याच्या चेहऱ्यावर आणि दुसरी मोबाइलमधल्या फोटोवर. दोन्ही जुळले तर गाडी पुढे सरकते. जुळले नाहीत, म्हणजे फोटोत गोरीपान, लांब सरळ केसांची परी आणि समोर तेल लावलेल्या दोन वेण्यांची सावळी, गोड पोरगी, तर त्या मुलीचं काहीच चुकलेलं नसताना तिची संधी जाते. कारण दिग्दर्शकाला फोटोतली मुलगी दाखवून झालेली असते. शिवाय त्या घरून आलेल्या पुढच्या फोटोंवर कुणी विश्वास ठेवत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : रविवारच्या फोटोत तुमची लेक तशीच दिसली पाहिजे, जशी ती बुधवारी शाळेतून घरी येऊन, हातपाय धुऊन, तुम्हाला दिवसभराच्या गोष्टी सांगताना दिसते. लग्नाला जाताना दिसते तशी नको. सगळी तयारी याच एका कसोटीवर घासून बघा.

पडलेल्या दातांचंच घ्या. साधारण सहाव्या-सातव्या वर्षी दुधाचे दात पडायला लागतात आणि समोरची खिडकी उघडते. जगातली बहुतेक सात वर्षांची मुलं अशीच दिसतात, आणि सात वर्षांच्या मुलीची भूमिका लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोरही तशीच मुलगी असते. तिला ‘तोंड मिटून हास’ असं कृपा करून सांगू नका. एकदा का मुलाला आपल्या तोंडात काहीतरी लपवण्यासारखं आहे असं वाटलं की ओठ आवळले जातात, हनुवटी ताठ होते, आणि हसणं डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. खोटे दात बसवणं किंवा फोटोत दात रंगवून घेणं तर नकोच. नवे दात आले की फोटो नवे काढायचे. या वयात तसेही दर सहा महिन्यांनी फोटो बदलावेच लागतात, आणि चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे तर त्याहून लवकर. याच कारणासाठी पहिल्या फोटोशूटवर फार मोठा खर्च करू नका, असं मी प्रत्येक आईवडिलांना सांगते.

आता पार्लर. केस कापायचेच असतील तर फोटोच्या आठ-दहा दिवस आधी कापा, म्हणजे नव्या कापाचा ताठपणा जातो. तुमचा रविवार जवळ आलाय, तेव्हा आता कात्री लावूच नका. फक्त कपाळावरचे केस डोळ्यांवर येत असतील तर पिनेने बाजूला घ्या. केसांची सावली डोळ्यांत पडली की डोळ्यांतला प्रकाशाचा ठिपका जातो, आणि तो ठिपका गेला की चेहरा विझल्यासारखा दिसतो. केस सरळ करून घेणं, कुरळे करून घेणं नको. शनिवारी न्हाऊ घाला आणि रविवारी सकाळी तेल लावू नका. खोबरेल तेलाची चमक लाइटखाली टाळूवर पांढरी पट्टी म्हणून उमटते. रोज दोन वेण्या घालत असाल तर दोन वेण्यांत एक फोटो आणि मोकळ्या केसांत एक, एवढं पुरे.

मेकअप नको. सात वर्षांच्या मुलीला तर अजिबात नको. ओठ फुटले असतील तर थोडं व्हॅसलीन, चेहरा नुसत्या पाण्याने धुतलेला, झालं. काजळ लावू नका, कडेला ओघळतं आणि डोळे लहान दिसतात. पावडरबद्दल मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे बाहेर निघताना मुलांच्या तोंडाला पावडर थापायची सवय घराघरांत आहे. डोळ्यांना ती जाणवत नाही. पण फ्लॅशखाली गालांवर आणि मानेवर राखाडी-पांढरा थर दिसतो आणि कान मात्र मूळ रंगाचे राहतात. मेंदी आणि नेलपेंट या आठवड्यात टाळा. मनगटावरचे रंगीत स्टिकर, मित्रमैत्रिणींनी बांधलेले धागे काढा. गळ्यातलं किंवा कानातलं रोजचं बारीक असेल तर राहू द्या.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल मला मनापासून चीड येते. ‘थोडी गोरी करून द्या ना’ ही विनंती. मूल शेजारी उभं असतं. ते ऐकतं. त्या एका वाक्याने त्याला काय कळतं, याचा विचार करा. माझ्याकडे मी त्वचेचा रंग बदलून देत नाही. डास चावल्याचा फोड, गुडघ्यावरचं कालचं खरचटणं, वाहतं नाक, हे चार दिवसांनी जाणारं असतं, ते पुसून देते. तीळ, जन्मखूण, भुवईवरचा जुना व्रण हे त्या मुलाचं असतं, ते तसंच ठेवते. तुमच्या फोटोग्राफरलाही हे आधीच सांगून ठेवा : रंग बदलू नका, नाक-डोळे-हनुवटीला हात लावू नका. कामाच्या दृष्टीनेही तेच शहाणपणाचं आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट बालकलाकारांच्या यादीत ‘नाळ २’ आणि ‘जिप्सी’ या मराठी चित्रपटांतली मुलं आहेत. ती पडद्यावर जशी दिसतात ते आठवून बघा. पावडर थापलेला एकही चेहरा त्यांत नाही.

कपड्यांचं सांगते. पाच-सहा ड्रेस लागत नाहीत, तीन पुरतात. सात वर्षांचं मूल साधारण पाऊण तास, फार तर तासभर मनापासून साथ देतं. त्यातला अर्धा वेळ कपडे बदलण्यात गेला तर चेहऱ्यावर काय उरणार? एक रोजचा साधा टी-शर्ट, एक जरा नीटनेटका फ्रॉक किंवा कॉलरचा शर्ट, आणि एक साधा सुती कुडता नाहीतर परकर-पोलकं, कारण मराठी मालिकांसाठी गावाकडची, घरगुती मुलगी नेहमी लागते. परकर-पोलकं काठापदराचं जरीचं नको, चापूनचोपून बसणारं खणाचं किंवा सुती असू द्या. नऊवारी, गजरा, नथ, बालशिवाजीचा किंवा झाशीच्या राणीचा वेश हे शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी छानच आहे, पण या फोटोंत वेशच दिसतो आणि मूल मागे राहतं.

रंग एकरंगी आणि मधल्या छटेचे घ्या : मोरपिशी, विटकरी, मोहरी, मेंदी, निळा. पांढराशुभ्र लाइटखाली डोळ्यांवर येतो, कुळकुळीत काळ्यात वेण्या आणि खांदे मिसळून जातात. भडक पोपटी किंवा गुलाबी रंग हनुवटीखाली उमटतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलीचा गळा प्रत्येक फोटोत हिरवट दिसत होता, तो केवळ तिच्या पोपटी टी-शर्टमुळे. बारीक रेघा आणि बारीक चौकडे कॅमेऱ्यात थरथरल्यासारखे दिसतात. छातीवर कार्टून, कंपनीचं नाव किंवा इंग्रजी वाक्य असेल तर पाहणाऱ्याची नजर चेहऱ्याआधी तिकडे जाते. नवा कपडा असेल तर आधी एकदा धुऊन घ्या, गळ्याजवळचं टोचणारं लेबल कापून टाका, आणि अर्धा तास घरात घालायला द्या. नव्या कपड्यात मूल सतत खांदे उडवत राहतं आणि आपल्याला कारण कळत नाही. इस्त्री करून हँगरवरच न्या, बॅगेत घडी घालू नका.

आता प्रवासाचं. नाशिकहून पहाटेची गाडी धरून, गर्दीतून अंधेरीला येऊन थेट स्टुडिओत शिरायचं, असा बेत असेल तर तो बदला. पाचला उठवलेलं मूल अकरा वाजता पेंगतं, आणि पेंगलेल्या डोळ्यांना कुठलाही लाइट मदत करत नाही. शनिवारी संध्याकाळी मुंबईत कुणा आत्या-मावशीकडे मुक्काम करा, रात्री वेळेवर झोपवा, आणि वेळ सकाळी साडेनऊ-दहाची मागून घ्या. दुपारी झोपायची सवय असेल तर दुपारची वेळ नकोच. घरून पोटभर नाश्ता करून निघा. सोबत पोळीचा रोल, केळं, पाणी घ्या. जांभूळ, बीट, रंगीत पेप्सीकोला, चॉकलेट फोटो होईपर्यंत लांब ठेवा, जीभ आणि ओठ रंगतात. स्टुडिओत वीस मिनिटं आधी पोचा, पण कपडे घालून तयार करून बसवू नका. आधी इकडेतिकडे फिरू द्या.

बुजण्याबद्दल तुम्ही लिहिलंय, आणि खरी तयारी तिथेच आहे. आरशासमोर पोज शिकवू नका. कमरेवर हात, मान तिरकी, गालावर बोट : हे एकदा शरीरात बसलं की काढायला मला निम्मा वेळ लागतो. त्याऐवजी या आठवड्यात दोनच खेळ खेळा. पहिला : मोबाइल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर कपाटात टेकवून ठेवा, आणि तिला सांगा की या बारक्या काळ्या ठिपक्यामागे आजी बसली आहे, आजीला आज शाळेत काय झालं ते सांग. रोज एक मिनिट. लेन्सकडे बघून बोलायची भीती याने जाते, आणि पुढे ऑडिशनला नाव, वय, उंची, गाव सांगणारा ओळखीचा व्हिडिओ मागतात तेव्हाही हेच उपयोगी पडतं. दुसरा : न बोलता, नुसत्या डोळ्यांनी सांगायचं. ‘मला अजून एक लाडू हवाय, पण मागायची सोय नाही.’ ‘दाराबाहेर कुत्र्याचं पिल्लू आलंय आणि ते फक्त मलाच माहीत आहे.’ तुम्ही ओळखायचं. ‘रडका चेहरा कर, रागावलेला चेहरा कर’ असं सांगितलं की मूल भुवया आणि ओठ वाकडे करतं. मनात एखादी नेमकी गोष्ट दिली की चेहरा आपोआप खरा होतो. अभिनयाचंही शेवटी तेच आहे. नाटकात काम केलेल्या तुमच्या लेकीला हे चटकन जमेल.

एक प्रसंग सांगते, म्हणजे माझं म्हणणं स्पष्ट होईल. साधारण याच वयाची एक मुलगी आली होती. पहिल्या सगळ्या फोटोंत तिची बुबुळं किंचित उजवीकडे. मी वळून पाहिलं तर माझ्या खांद्यामागे उभी राहून आई आवाज न करता ओठांनी ‘हास, हास’ म्हणत होती, आणि दोन बोटांनी स्वतःच्या ओठांची टोकं वर ओढून दाखवत होती. तिच्या हेतूत काही वावगं नव्हतं, तिला फक्त काळजी होती. मी त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसायला सांगितलं, जिथून त्यांना सगळं दिसेल आणि मुलीलाही मान वळवली की आई दिसेल, पण कॅमेऱ्याच्या रेषेत नाही. मग मी जमिनीवर मांडी घालून बसले, कॅमेरा मांडीवर ठेवला, आणि मुलीला फ्लॅशचं बटण दाबायला दिलं. ठप्प आवाज झाला, ती दचकली, मग पुन्हा पुन्हा दाबू लागली. लाइटची भीती तिथेच गेली. मी विचारलं, ‘तुमच्या घरी सगळ्यांत जास्त घोरतं कोण?’ ती आधी आईकडे बघू लागली, सांगावं की नाही म्हणून. मग माझ्याकडे वळली, खालचा ओठ दाताखाली धरला, आणि उत्तर द्यायच्या आधीचा तो क्षण होता ना, डोळ्यांत गुपित भरलेला, तो फोटो मी घेतला. त्या मुलीचं पुढे जिथे जिथे नाव गेलं तिथे तोच फोटो गेला. त्यात ती हसतही नव्हती.

तेव्हा ताई, रविवारी तुमचं काम एकच : तिथे असणं आणि गप्प बसणं. बाहेर जाऊ नका. मुलाच्या आईवडिलांना आत बसू न देणाऱ्या स्टुडिओत मूल न्यायचंच नाही, यात कसलीही तडजोड नको. कपडे बदलायला बंद दार आणि सोबत तुम्ही. पण बसल्या जागेवरून सूचना नकोत, ‘नीट बस’ नको, ‘काकांना ती कविता म्हणून दाखव’ नको. दोन माणसं एकदम सांगायला लागली की मूल कुणाचंच ऐकत नाही.

तिला आधी काय सांगायचं? खरं तेच. ‘एक काका आहेत, ते तुझे फोटो काढणार आहेत, मोठे दिवे असतात, ठप्प आवाज होतो, मी तिथेच बसणार आहे, कंटाळा आला तर सांग, थांबू.’ इतकंच. ‘तू टीव्हीवर येणार’, ‘नीट नाही केलंस तर काम मिळणार नाही’, ‘एवढे पैसे भरलेत’ हे तिच्या कानावर पडू देऊ नका. फोटो झाल्यावर आइस्क्रीम द्यायचं असेल तर ते फोटो चांगले आले म्हणून देऊ नका, रविवार आहे म्हणून द्या. बोलावणं आलं नाही तर तिला नाकारल्यासारखं वाटता कामा नये, आणि बोलावणी बहुतेक वेळा येत नाहीत. भूमिकेतल्या आईशी चेहरा जुळत नाही, उंची दोन बोटं जास्त, अशी कारणं असतात. त्यात मुलाचा काही दोष नसतो.

फोटोग्राफरला आधी फोन करून विचारा : मुलांचे ऑडिशनचे फोटो काढलेत का, आणि ते दाखवाल का? वाढदिवसाचे, परीच्या पंखांचे फोटो सुंदर काढणारा माणूस या कामाला चालेलच असं नाही. चेहऱ्याचा क्लोजअप, कमरेपर्यंतचा एक, पूर्ण उंचीचा एक आणि दोन्ही बाजूंचे असे फोटो साध्या पार्श्वभूमीवर मिळतील का? सुधारणा न केलेले मूळ फोटो मिळतील का? माझ्या परवानगीशिवाय ते इन्स्टाग्रामवर टाकणार नाही, हे लिहून द्याल का? मेकअप नको म्हटल्यावर ते किती ताणतात, यावरूनही बरंच कळेल. जो माणूस मुलाशी बोलायला खाली बसतो, त्याच्याकडे जा. वरून घेतलेल्या फोटोत मूल लहान, बापुडवाणं दिसतं. लेन्स मुलाच्या डोळ्यांच्या रेषेतच हवी.

आणि स्टुडिओ परवडत नसेल, किंवा या चौकशीत मन साशंक झालं, तर शूट रद्द करायलाही घाबरू नका. पहिल्या पायरीला घरचे फोटो पुष्कळ चालतात. सकाळची वेळ, थेट ऊन न येणारी मोठी खिडकी, तिच्याकडे तोंड करून मूल, पाठीमागे तीन-चार फुटांवर रिकामी भिंत. घरातले दिवे बंद, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळा दिसतो. मोबाइलचा मागचा कॅमेरा, दुप्पट झूम, तुम्ही चार पावलं मागे. फार जवळून काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. ब्युटी मोड आणि पार्श्वभूमी धूसर करणारा मोड दोन्ही बंद, कारण तो मोड सुट्या केसांच्या कडा खातो.

कास्टिंगवाल्या बाईंनी फक्त फोटो मागितले आहेत, हे चांगलं लक्षण आहे. ‘अमुक एका स्टुडिओतूनच पोर्टफोलिओ करा, मग रोल नक्की’, ‘नोंदणीची फी भरा’, ‘कार्ड काढा’, ‘निवड झाली आहे, ड्रेसचे पैसे पाठवा’ असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. खऱ्या कास्टिंगवाल्यांना पैसे निर्माता देतो, मुलाचे आईवडील नव्हे. फोटोंसोबत शाळेचं नाव, घरचा पत्ता, आधार कार्ड पाठवू नका. पहिल्या फेरीला नाव, वय, उंची, शहर, येणाऱ्या भाषा आणि तुमचा नंबर एवढंच लागतं. अंगावर कमी कपडे असलेले किंवा पोहण्याच्या कपड्यातले फोटो कुणीही, कितीही मोठ्या नावाने मागितले तरी द्यायचे नाहीत. मागण्याची पद्धत खटकली तर चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर आहे.

काम मिळालंच, तर कायदा काय म्हणतो तेही आत्ताच माहीत असू द्या. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर १९८६ च्या कायद्याने आणि त्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीने बंदी आहे. बालकलाकारांना सूट आहे, पण अटी घालून. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही. शाळा बुडणार नाही याची सोय करावी लागते. मिळणाऱ्या पैशांतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवा. सेटवर हे शांतपणे विचारणाऱ्या पालकांचा कुणाला राग येत नाही, आणि आला तर ते काम आपलं नव्हे.

फोटो हातात आल्यावर निवड तुम्ही एकट्या करू नका. आई नेहमी सगळ्यांत गोड फोटो निवडते, आणि गोड फोटोत बहुतेकदा मूल कॅमेऱ्यासाठी हसलेलं असतं. दहा-बारा फोटो तिच्या शाळेतल्या बाईंना किंवा शेजारच्या काकूंना दाखवा आणि एकच विचारा : ‘यातली आमची कुठली?’ त्या ज्याच्यावर पटकन बोट ठेवतील तो तुमचा क्लोजअप. मग मोबाइलवर तो अगदी लहान करून बघा, डोळे दिसतात का. फाइलला तिचं नाव, वय आणि उंची हेच नाव द्या. वय खरंच लिहा, फोटो काढल्याचा महिनाही लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोचा दर्जा उतरतो.

शेवटचं राहिलं ते रविवारी सकाळचं. उठल्यावर तिला कणकण वाटली, सर्दीने डोळे लाल झाले, किंवा काहीच नसताना ती ‘आई, मला आज नाही यायचं’ असं म्हणाली, तर एकदाच प्रेमाने विचारा, नक्की का, म्हणून. उत्तर तेच आलं तर फोटोग्राफरला फोन करून दुसरा दिवस मागून घ्या. मुलांचं काम करणाऱ्या माणसाला याची सवय असते. आगाऊ दिलेले पैसे पुढच्या तारखेला धरणार का, हे मात्र आजच विचारून ठेवा.